ग्रंथाची मांडणी आणि चित्रांचा भार

ग्रंथ कितीही मोठा असला तरी त्यांतील अक्षरांचा भार संगणकाला फारसा जाणवत नाहीं. चारशें पृष्ठांचा मराठी ग्रंथ घेतला आणि त्यांतील सारा मजकूर युनिकोड अक्षरांत साठविला, तर तो दोन-तीन मेगाबाइट जागेंत सहज मावतो. त्याच ग्रंथांत ए-फोर आकाराचें, पृष्ठभर, छपाईच्या दर्जाचें एकच रंगीत चित्र घातलें, तर तें एकटें सुमारें पस्तीस मेगाबाइट जागा मागतें. अवघ्या ग्रंथाच्या शब्दसंभाराहून एका चित्राचा भार असा दसपटीनें अधिक ठरतो. मोठ्या सचित्र ग्रंथाची मांडणी करतांना फाईल अडखळते, पडदा गोठतो, आणि प्रकाशनाचा दिवस तोंडावर आला असतां छापखान्यांत धांदल उडते, त्याचें मूळ बहुधा या विषम प्रमाणांत असतें.

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत हा प्रश्न नित्याचा आहे. येथील पुष्कळसे ग्रंथ मोठ्या प्रकाशनसंस्थांच्या भांडवलावर निघत नाहींत. गांवाचा इतिहास, देवस्थानाचें माहात्म्य, एखाद्या शिक्षकाचा गौरवग्रंथ, संस्थेची स्मरणिका, विद्यापीठास सादर करावयाचा प्रबंध, असे ते असतात; आणि त्यांचा खर्च लेखक स्वतः, त्याचे विद्यार्थी किंवा गांवकरी यांच्या वर्गणींतून होतो. नांदेड येथें १९९४ सालीं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालें. लातूर जिल्ह्यांतील उदगीर येथें २०२२ च्या एप्रिल महिन्यांत पंचाण्णवावें अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलें. लिहिणाऱ्यांची वाण या प्रदेशांत नाहीं. परंतु ग्रंथाच्या मांडणीचें काम पुष्कळदा बाजारपेठेंतील लहानशा डीटीपीच्या दुकानांत, एक-दोन संगणकांवर चालतें. ज्या यंत्रावर सकाळीं लग्नपत्रिका व पावतीपुस्तकें तयार होतात, त्याच यंत्रावर सायंकाळीं चारशें पृष्ठांचा ग्रंथ उघडावयाचा असतो. अशा ठिकाणीं नवा, बलवान संगणक विकत घेणें हा उपाय सुचविणें सोपें आहे. पण मांडणीची रीत सुधारणें हा उपाय स्वस्त आहे आणि अधिक टिकाऊही आहे.

एक उदाहरण कल्पिलें म्हणजे विषय स्पष्ट होईल. समजा, देगलूरच्या एका निवृत्त शिक्षकानें या दोन जिल्ह्यांतील जुन्या वास्तूंवर ग्रंथ लिहिला. होट्टलचीं चालुक्यकालीन मंदिरें, कंधारचा खंदकानें वेढलेला भुईकोट, माहूरचा गड, औशाचा आणि उदगीरचा किल्ला, खरोशाचीं लेणीं, निलंग्याचें नीळकंठेश्वर मंदिर, हीं सारीं स्थळें हिंडून त्यांचीं दीडशें छायाचित्रें त्यानें मोबाइलवर घेतलीं. शिवाय ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपांत जे वाडे जमीनदोस्त झाले, त्यांचीं भूकंपापूर्वीं काढलेलीं कांहीं छायाचित्रें त्यानें घरोघर फिरून मिळविलीं. निवृत्तीच्या पुंजींतील कांहीं रक्कम बाजूस काढली, आणि सर्व मजकूर चित्रांसह वर्डच्या एकाच फाइलींत भरून तो दुकानांत घेऊन आला. त्या क्षणापासून ग्रंथाचें भवितव्य मांडणी करणाऱ्या ऑपरेटरच्या हातीं असतें.

मजकूर आणि चित्र यांनीं एकत्र कसें नांदावें, हा प्रश्न मुद्रणकलेला नवा नाहीं. गणपत कृष्णाजी यांनीं १८३१ सालीं मुंबईस मराठी पंचांग छापलें, तें शिळाछापावर. शिळाछापांत अक्षर आणि चित्र एकाच दगडावर उतरतात. मराठवाडा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हैदराबाद संस्थानाचा भाग होता आणि तेथील राज्यभाषा उर्दू होती. त्यामुळें कातिबानें हातीं लिहिलेलीं व शिळेवर छापलेलीं उर्दू पुस्तकें या भागांतील जुन्या पिढीच्या परिचयाचीं होतीं. शिळाछापाची शोभा मोठी, पण एक ओळ बदलावयाची झाली तर दगडावरील तो भाग खरवडून पुन्हां लिहावा लागे. आणि काम संपून शिळा दुसऱ्या कामासाठीं घासली गेली, कीं अक्षर व चित्र दोन्ही एकदमच नाहींशीं होत. खिळ्यांच्या छपाईनें ही गांठ सोडविली. जुळारी मजकूर जुळवी, चित्राचा ब्लॉक निराळा तयार होऊन येई, आणि पृष्ठ बांधतांना त्याच्यासाठीं मोजून ठेवलेल्या जागेंत तो बसविला जाई. छपाई आटोपली म्हणजे खिळे पुन्हां आपापल्या घरांत पडत; ब्लॉक मात्र वर चिठ्ठी लावून कपाटांत जपून ठेवतां येई, आणि पुढील आवृत्तीस तोच उपयोगी पडे.

संगणकावरील मांडणीच्या कार्यक्रमांची रचना या दुसऱ्या रीतीस अनुसरून झालेली आहे. ऑल्डस कंपनीचा पेजमेकर १९८५ सालीं निघाला, क्वार्क एक्सप्रेस १९८७ सालीं, आणि ॲडोबीचा इनडिझाइन १९९९ सालीं. या कार्यक्रमांत चित्र रीतसर आणून बसविलें, म्हणजे पृष्ठाच्या फाइलींत त्याची एक लहानशी छाया आणि त्याचा पत्ता एवढेंच राहतें. मूळ चित्र आपल्या जागीं, निराळ्या फोल्डरांत असतें. या संबंधास धंद्यांत लिंक म्हणतात. याउलट चित्र दुसरीकडून कॉपी करून पृष्ठावर पेस्ट केलें, किंवा मुद्दाम एम्बेड केलें, तर तें पृष्ठाच्या फाइलींतच कायमचें वस्तीस येतें, आणि ऑपरेटर नकळत पुन्हां शिळाछापाकडे वळतो. मोठें चित्र बसवितांना त्याची संपूर्ण प्रत फाइलींत ठेवावयाची काय, असा प्रश्न पेजमेकर स्वतः विचारीत असे. घाईंत त्यास 'होय' असें उत्तर देत गेल्यास पन्नासाव्या चित्रापाशीं फाईल जड होई आणि शंभराव्या चित्रापाशीं ती उघडेनाशी होई.

म्हणून पहिलें काम हें कीं, वर्डच्या फाइलींतून मजकूर तेवढा घ्यावा आणि चित्रांसाठीं लेखकाकडे मूळ छायाचित्रें मागावीं. वर्डमध्यें घातलेलीं चित्रें अगदींच हातचीं जातात असें नाहीं. डॉक्स फाइलीची एक प्रत काढून तिच्या नांवाच्या शेवटीं झिप असें लिहिलें व ती उघडली, तर आंत 'मीडिया' नांवाच्या फोल्डरांत सर्व चित्रें सुटीं सांपडतात. परंतु वर्ड जतन करतांना पुष्कळदा चित्रांतील बिंदु कमी करतो, त्यामुळें मूळ चित्राची सर त्यांस येत नाहीं. व्हॉट्सॲपवरून साध्या रीतीनें पाठविलेल्या छायाचित्रांचीही तीच गत होते. तेंच छायाचित्र 'डॉक्युमेंट' म्हणून पाठविलें तर तें जसेंच्या तसें पोंचतें. एवढी एक सूचना लेखकास आरंभींच दिली तरी पुढील पुष्कळ मनस्ताप वांचतो.

दुसरें काम हिशेबाचें आहे, आणि त्याचा पाया इंच हा होय. ऑफसेट छपाईंत छायाचित्र बारीक ठिपक्यांच्या जाळीनें छापतात. चांगल्या पुस्तकी कागदावर ही जाळी इंचास १३३ किंवा १५० ओळींची असते, वृत्तपत्राच्या कागदावर ८५ ते १०० ओळींची. जाळीच्या ओळींच्या दुप्पट बिंदु चित्रांत असले म्हणजे छपाईला पुरतात. ग्रंथासाठीं इंचास ३०० आणि वृत्तपत्रासाठीं २०० हें प्रमाण यावरूनच आलेलें आहे. याहून अधिक बिंदु दिले तरी कागदावर उतरणारा ठिपका तोच राहतो. फाईल तेवढी फुगते.

आतां त्या शिक्षकाच्या छायाचित्रांस हें गणित लावावें. मोबाइलचें साधारण छायाचित्र चार हजार बिंदु रुंद आणि तीन हजार बिंदु उंच, म्हणजे एक कोटी वीस लक्ष बिंदूंचें असतें. डेमी आकाराच्या ग्रंथांत मजकुराची रुंदी चार इंचांच्या आसपास. चार इंच रुंद व तीन इंच उंच चित्रास बाराशें गुणिले नऊशें, म्हणजे दहा लक्ष ऐंशीं हजार बिंदु पुरेसे होतात. मूळ छायाचित्र याच्या अकरापट आहे. त्यांत आणखी रंगाचा प्रश्न येतो. पडद्याच्या रंगीत चित्रांत प्रत्येक बिंदूस तीन बाइट लागतात, छपाईच्या चौरंगी चित्रांत चार, आणि काळ्या-पांढऱ्या छायाचित्रांत एकच. आंतील पृष्ठें एका शाईंत छापावयाचीं असतां रंगीत चित्रें बाळगणें हा निव्वळ बोजा होय. दीडशें मूळ रंगीत चित्रें पूर्णपणें उलगडलीं तर ५,४०० मेगाबाइट होतात. तींच छापावयाच्या आकाराचीं व एकरंगी करून घेतलीं तर अवघीं १६२. जेपेग रूपांत तीं तबकडीवर याहून लहान दिसतात, कारण तीं घडी घालून ठेवलेलीं असतात. परंतु पडद्यावर आणतांना आणि प्लेट काढणाऱ्या यंत्रानें पृष्ठ वाचतांना ही घडी उलगडावीच लागते.

चित्र लहान करण्याचें काम मांडणीच्या कार्यक्रमांत होत नाहीं, हें येथें ध्यानांत ठेवणें अवश्य आहे. पृष्ठावर चित्राचे कोपरे धरून तें आंत ओढलें, किंवा चौकट लहान करून नको तो भाग झांकला, तरी झांकलेला भाग आणि जादा बिंदु फाइलीच्या पाठीवर तसेच राहतात. कापणें व आटविणें हें फोटोशॉप, जिंप यांसारख्या चित्रांच्या कार्यक्रमांत करावें, तेंही मूळ छायाचित्राच्या प्रतीवर. मूळ छायाचित्रास हात लावूं नये. आटविलेलें चित्र पुन्हां मोठें केल्यानें गेलेला तपशील परत येत नाहीं, आणि जेपेग चित्र वारंवार उघडून जतन केल्यानें त्याचा पोत उतरत जातो.

किल्लारीच्या जुन्या छायाचित्रांची गोष्ट थोडी निराळी आहे. तीं कागदावरील प्रती आहेत आणि त्यांतील वाडे पुन्हां उभे राहणार नाहींत. सहा इंच रुंद व चार इंच उंच प्रत तेवढ्याच आकारांत छापावयाची असेल तर इंचास ३०० बिंदूंनीं स्कॅन करणें पुरें. १२०० नें केल्यास फाईल सोळापट होते. तथापि जी वस्तु एकदांच हातीं येते, तिची जतनाची प्रत आणि छपाईची प्रत या दोन भिन्न ठेवाव्या. जतनासाठीं ६०० नें, टिफ रूपांत, रंगासह स्कॅन करून तें निराळें ठेवावें. ग्रंथास त्यावरून काढलेली हलकी प्रत द्यावी. फाईल हलकी करण्याच्या नादांत इतिहासाचें साधन हलकें होतां कामा नये.

नकाशे आणि आराखडे यांस छायाचित्राचा नियम लागू पडत नाहीं. गोदावरी व मांजरा यांचीं खोरीं दाखविणारा नकाशा, कंधारच्या तटाचा आराखडा, खरोशाच्या लेण्यांचें तलचित्र, हीं रेषांचीं कामें आहेत. तीं बिंदूंत साठविलीं तर कडा स्वच्छ येण्यासाठीं इंचास १२०० बिंदु लागतात, आणि शुद्ध काळ्या-पांढऱ्या रूपांतही ए-फोर पृष्ठास सुमारें सतरा मेगाबाइट खर्ची पडतात. तोच नकाशा कोरलड्रॉ, इलस्ट्रेटर किंवा इंकस्केप यांत रेषांच्या रूपानें काढला, तर बहुधा कांहींशें किलोबाइटांत काम भागतें, आणि तो कितीही मोठा केला तरी रेषा फाटत नाहीं. मात्र भूमापनाच्या माहितींतून सरळ उचललेल्या नकाशांत नदीच्या एका वळणावर हजारों टोकें असूं शकतात; तीं कमी करून घेतल्यावांचून असा नकाशा छायाचित्राहूनही जड होऊन बसतो.

चित्रांची व्यवस्था लागली तरी चारशें पृष्ठें एकाच फाइलींत ठेवणें शहाणपणाचें नाहीं. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश तेवीस खंडांत निघाला; आणि छापखानाही कोणताच ग्रंथ एका घांसांत घेत नाहीं, तो फर्म्याफर्म्यानें छापतो. संगणकावरही प्रकरणागणिक एक फाईल करावी आणि त्या सर्व इनडिझाइनच्या 'बुक' या सोयीनें एका सूत्रांत ओंवाव्या. पृष्ठांक आपोआप पुढें चालतात, अनुक्रमणिका एकत्र निघते, आणि एक प्रकरण आदर्श म्हणून नेमलें कीं शीर्षकांचा व मजकुराचा ठसा सर्व प्रकरणांत सारखा करतां येतो. वीज जाऊन एखादी फाईल बिघडली तर एका प्रकरणाचें काम पुन्हां करावें लागतें, ग्रंथाचें नाहीं. पृष्ठांची वेलबुट्टी, माथ्यावरील नांव, पृष्ठांकाची चौकट हीं मास्टर पृष्ठावर एकदांच ठेवावीं. चारशें पृष्ठांवर चारशें वेळां चिकटवूं नयेत. आणि आठवड्यांतून एकदां तरी प्रत्येक प्रकरण 'सेव्ह ॲज' करून नव्या नांवानें जतन करावें. साध्या 'सेव्ह'मध्यें नवे फेरफार जुन्याच फाइलीच्या शेवटीं जोडले जातात, काढून टाकलेल्या वस्तूंचे अवशेषही आंत राहतात. 'सेव्ह ॲज' केल्यानें ती नव्यानें लिहिली जाते आणि पुष्कळदा बरीच लहान होते.

लिंकच्या रीतींत एक धोका आहे, तो सांगितलाच पाहिजे. चित्राचा पत्ता बदलला कीं दुवा तुटतो. फोल्डराचें नांव बदललें, काम दुसऱ्या संगणकावर नेलें, किंवा पेनड्राइव्हवरून चित्र बसवून पेनड्राइव्ह काढून घेतला, म्हणजे पडद्यावर छाया तशीच दिसत राहते, परंतु मूळ चित्राचा ठिकाणा नाहींसा झालेला असतो. अशा स्थितींत पृष्ठें प्लेटवर गेलीं तर चित्राऐवजीं त्याची अंधुक, चौकड्याचौकड्यांची छाया छापली जाते, आणि एका फर्म्याच्या हजार प्रती वाया जाऊन मगच तें ध्यानांत येतें. म्हणून ग्रंथाच्या आरंभींच एक फोल्डर करावें. त्यांत मजकूर, मूळ चित्रें, छपाईचीं चित्रें व प्रकरणें यांचीं चार घरें ठेवावीं. चित्रांस प्रकरण व क्रमांक दर्शविणारीं आंखूड नांवें द्यावीं आणि तीं पुढें बदलूं नयेत. काम पाठवितांना 'पॅकेज' करावें, म्हणजे प्रकरणें, चित्रें आणि, परवान्याचा अडसर नसेल तर, टंकही एकत्र गोळा होतात. लिंकची यादी तपासली असतां कोणता दुवा तुटला आहे आणि पृष्ठावरील आकारांत प्रत्येक चित्राचे इंचास किती बिंदु पडतात, हेंही तेथेंच दिसतें.

लेखकास मुद्रितें तपासण्यास द्यावयाची पीडीएफ आणि छापखान्यास द्यावयाची पीडीएफ या निराळ्या असाव्या. शुद्धलेखन तपासावयास इंचास १०० बिंदूंचीं चित्रें पुरतात. अशी फाईल देगलूरला बसून मोबाइलवर उघडतां येते. छापखान्याच्या पीडीएफमध्यें मात्र चित्रें पूर्ण दर्जाचीं, टंक अंतर्भूत आणि कापणीच्या खुणा घातलेल्या असाव्या. पूर्वीं चारपांच गिगाबाइटांची एकच फाईल पेनड्राइव्हवर चढत नाहीं म्हणून पुष्कळ दुकानांत डोकीं धरलीं गेलीं आहेत. फॅट-३२ या पद्धतीनें तयार केलेल्या पेनड्राइव्हवर चार गिगाबाइटांची एकसंध फाईल मुळीं राहूंच शकत नाहीं. प्रकरणवार विभागणी असली म्हणजे ही अडचण उद्भवत नाहीं.

या साऱ्या शिस्तीचें फळ पहिल्या आवृत्तीपेक्षां दुसऱ्या आवृत्तींत अधिक दिसतें. विसाव्या शतकाच्या अखेरीस मराठींतील असंख्य ग्रंथ पेजमेकरवर, युनिकोड नसलेल्या टंकांत जुळविले गेले. पेजमेकरची सातवी आणि अखेरची आवृत्ति २००१ सालीं आली. त्याच्या फाइली उघडणारा इनडिझाइनही २०१२ च्या सीएस-सिक्सनंतर राहिला नाहीं. त्या फाइलींत जीं चित्रें पेस्ट करून ठेवलीं, तीं फाइलीबरोबरच बंदिस्त झालीं. ज्यांनीं चित्रें निराळ्या फोल्डरांत राखलीं, त्यांचा मजकूर पुन्हां टंकित करावा लागला तरी चित्रें हातीं राहिलीं. म्हणून ग्रंथ छापून झाल्यावर युनिकोडमधील मजकूर, मूळ चित्रें, छापखान्याची पीडीएफ आणि इनडिझाइनची आयडीएमएल प्रत, असा संच दोन निराळ्या ठिकाणीं ठेवावा आणि त्यांतील एक प्रत लेखकाच्या स्वाधीन करावी.

दुकानें बदलतात, यंत्रें बदलतात, ऑपरेटर दुसऱ्या गांवीं जातात. दहा वर्षांनीं देगलूरच्या शिक्षकाचा एखादा विद्यार्थी गुरुजींच्या ग्रंथाची दुसरी आवृत्ति काढावयास निघाला, तर त्याच्या हातांत होट्टलच्या मंदिराचें आणि किल्लारीच्या नाहींशा झालेल्या वाड्याचें मूळ छायाचित्र पडावें, एवढ्यासाठीं ऑपरेटरनें पहिल्या दिवशींच अर्धा तास चित्रांचें फोल्डर लावण्यांत घालविला, तर तो वेळ फुकट गेला असें कोणीही म्हणणार नाहीं.